दीडशे स्तोत्रं, एक मेमरी कार्ड : नगरच्या मंडळीतल्या प्रकल्प नोंदी

१८ फेब्रुवारी २०२६, राखेचा बुधवार

आजपासून काम सुरू. ठरलंय ते असं: बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली दीडशेच्या दीडशे स्तोत्रं आमच्याच मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, माणसांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करायची, मेमरी कार्डवर भरायची आणि छोट्या स्पीकरसकट अशा घरांत पोचवायची, जिथलं माणूस आता भक्तीला येऊ शकत नाही. कोणी अंथरुणाला खिळलेलं, कोणाची काचबिंदूने नजर गेलेली, कोणी डायलिसिसवर, कोणी वस्तीवरचं, ज्याला अक्षरओळखच झाली नाही. मुदत ईस्टरची, ५ एप्रिल.

बैठकीत रास्त प्रश्न आला: मोबाइलवर ऑडिओ बायबल फुकट मिळतं, मग हा खटाटोप कशाला? त्यावर बरंच बोलणं झालं. ज्यांना मोबाइल चालवता येतो, त्यांची अडचण मुळात नाहीच. आणि दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. घरी पडून असलेल्या माणसाचं बायबल सुटतं ते नजर गेली म्हणून, पण विश्वास डळमळतो तो एकटं पडल्यामुळे. शेजारच्या बाकावर बसणाऱ्या माणसाच्या आवाजात वचन कानावर पडलं, तर तो परत मंडळीत येऊन बसल्यासारखा होईल.

यंदा लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, बुधवारच्या प्रार्थनासभांना पाळक साहेबांनी इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय घेतलाय, देवाच्या शस्त्रसामग्रीचा. पौलाने तो साखळदंडात असताना लिहिला, आणि लिहिला तो पूर्ण मंडळीला उद्देशून. त्या काळी पत्र आलं की सगळे जमायचे, एक जण वाचायचा, बाकीचे ऐकायचे. टिकून उभं राहण्याची आज्ञा पहिल्यांदा लोकांनी कानांनीच ऐकली. आमच्या कामाला याहून मोठा आधार शोधायची गरज नाही.

भाषांतराच्या प्रकाशकांकडे अनुमतीचं पत्र आधीच गेलंय. उत्तर येईपर्यंत वाटप नाही, फक्त मुद्रण.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

जागा: देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, बाजूची खोली, वेस्ट्री. दगडी भिंती जाड, त्यामुळे बाहेरचा आवाज कमी येतो, पण आतला घुमतो. महिला मंडळाने घरोघरच्या गोधड्या आणल्या, दोऱ्या बांधून तीन भिंतींवर टांगल्या. फरक लगेच कळला. तरुण संघातला जो मुलगा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, त्याचा मायक्रोफोन आणि लॅपटॉप. तोच आमचा तंत्रज्ञ.

वेळ: पहाटे साडेपाच ते सात. नंतर रस्ता सुरू होतो, आणि पंख्याशिवाय बसवत नाही.

तांत्रिक बाबी लिहून ठेवते, दुसऱ्या कोणत्या मंडळीला करायचं असेल तर उपयोगी पडतील. मोनो मुद्रण, एमपीथ्री, ६४ केबीपीएस. माणसाच्या आवाजाला एवढं पुरतं आणि सगळी स्तोत्रं मिळून तीनशे एमबीच्या आत बसतील. फाइलची नावं ००१ ते १५०. स्वस्तातले स्पीकर पुष्कळदा नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत, कार्डवर ज्या क्रमाने फाइल कॉपी झाली त्या क्रमाने वाजवतात. म्हणून एकगठ्ठा कॉपी न करता ओळीने एकेक चढवायची.

स्पीकरवर पाच बटणं, सगळी सारखी गुळगुळीत. नजर नसलेल्याने चाचपडून कोणतं ओळखायचं? एका काकूंनी सुचवलं की चालू करायच्या बटणावर एम-सीलचा मुगाएवढा ठिपका लावा. लावून, वाळवून, डोळे मिटून पाहिलं. बोट बरोबर तिथेच जातं. सगळ्या स्पीकरना असंच करायचं.

२२ फेब्रुवारी, लेंटचा पहिला रविवार

भक्तीनंतर वाचकांची नावं घेतली. तेविसावं स्तोत्र वाचायला रांग. एक्क्याण्णवाव्याला त्याहून मोठी. एकशेएकविसाव्यालाही बरेच जण. अठ्ठ्याऐंशी, एकशेनऊ, एकशेसदतीस यांच्यापुढे एकही नाव नाही.

एक सूचना अशी आली की आवडीची पन्नासेक स्तोत्रंच घ्यावीत, म्हातारी माणसं आहेत, त्यांना दिलासा हवा. सूचना मनापासून होती. पण आजचंच प्रवचन मत्तयाच्या चौथ्या अध्यायावर होतं आणि त्यातच उत्तर होतं. मंदिराच्या शिरोभागी प्रभूला उभं करून सैतान जे वचन म्हणून दाखवतो, ते एक्क्याण्णवाव्या स्तोत्रातलंच आहे: देवदूत तुला हातांवर झेलून धरतील. वचन खरं, पण मधूनच उचललेलं, आणि देवाची परीक्षा पाहायला वापरलेलं. प्रभू त्याला जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातल्या वचनाने उत्तर देतो. तीनही वेळा तो अनुवादाचंच पुस्तक उघडतो, आणि तेही चाळीस दिवसांच्या उपासानंतर, अंगात त्राण नसताना. “मनुष्य केवळ भाकरीने नव्हे” हे त्याला त्या वेळी शोधत बसावं लागलं नाही. नासरेथच्या घरात, सभास्थानात, लहानपणापासून साठत गेलेलं ते होतं.

आमच्याकडे एक्क्याण्णवावं स्तोत्र दारावर लावतात, गाडीच्या काचेवर चिकटवतात. करोनाच्या साथीत तर ते प्रत्येक मोबाइलवर फिरत होतं. त्यामागची भीती मी समजू शकते, मीही ते त्या दिवसांत रोज म्हटलंय. पण सोयीची वचनं वेचून घेतलेला माणूस, एखादं वचन आपल्या मनासारखं घडलं नाही की कोलमडतो. पूर्ण पुस्तक वाचलेल्या माणसाला ठाऊक असतं की एक्क्याण्णवाव्याच्या तीन पानं अलीकडे अठ्ठ्याऐंशीवं आहे. ठराव: दीडशेपैकी एकही गाळायचं नाही. चिठ्ठ्या टाकून वाटप.

२५ फेब्रुवारी, बुधवार

प्रार्थनासभा: सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण. उपस्थिती चांगली.

स्तोत्रं १ ते ११ झाली.

१ मार्च, रविवार

प्रत्येक स्तोत्रानंतर प्रार्थना ठेवायची का, यावर आठवडाभर चर्चा. पाळक साहेबांच्या छापील प्रार्थना तयार होत्या. मी विरोध केला. ऐकणाऱ्याच्या तोंडून त्याची स्वतःची प्रार्थना निघावी, आपण ती त्याच्यावतीने उरकून टाकू नये. स्तोत्रसंहिता हेच देवाने आपल्या हाती दिलेलं प्रार्थनापुस्तक आहे; त्यातले शब्द ऐकल्यावर माणसाला आपलं काहीतरी बोलावंसं वाटतंच, त्याला जागा द्या. शेवटी ठरलं की स्तोत्रानंतर थोडा वेळ शांतता सोडायची.

पहिली चाचणी आमच्या शेजारच्या आजींकडे. स्तोत्र संपलं, शांतता सुरू झाली, आणि आजींनी स्पीकर उचलून दोनदा थोपटला. त्यांना वाटलं बंद पडला.

त्यावर उपाय: वाचक म्हणेल, “आपण प्रार्थना करू या.” मग पेटीचा एकच सूर, अगदी हलका, साधारण पाऊण मिनिट. मग वाचकाचंच “आमेन”. सूर चालू आहे म्हणजे यंत्र चालू आहे, हे कानाला कळतं. पेटी वाजवायला संडे स्कूलच्या बाई तयार झाल्या. दुसऱ्या चाचणीत आजींनी सूर सुरू होताच पदर डोक्यावर घेतला आणि प्रार्थना सुरू केली. नातवाचं नाव, विहिरीचं पाणी, सुनेची कंबरदुखी, मग माझं नाव. आमेन कधीच होऊन गेलं, पुढचं स्तोत्रही सुरू झालं, आजी थांबल्या नाहीत. शांततेची वेळ वाढवायची का, हा प्रश्न मी तंत्रज्ञापुढे ठेवला. एक मिनिट केलं.

“सेला” हा हिब्रू शब्द स्तोत्रांत मधूनमधून येतो; तिथे तो वाचायचा नाही, फक्त श्वासभर थांबायचं.

७ मार्च, शनिवार

एकशेएकोणिसावं स्तोत्र. बायबलमधला सर्वांत मोठा अध्याय: १७६ ओव्या, बावीस भाग, हिब्रू वर्णमालेच्या एकेका अक्षराचा एक भाग, प्रत्येकात आठ ओव्या. बावीस भागांना बावीस वाचक, असं ठरवलं होतं. दहावी-बारावीची मुलं परीक्षेत अडकलेली, ती सोडून सगळ्या वयाचे लोक पहाटे हजर. वेस्ट्रीत मावेनात, म्हणून देवळात बाकांवर बसवलं आणि एकेकाला आत बोलावलं. चहा पाळक साहेबांच्या घरून.

“तुझे वचन माझ्या पावलांकरता दिव्यासारखे” ही ओवी चौदाव्या भागात येते. आमच्यातल्या ज्या मामांची नजर काचबिंदूने गेली, त्यांनी तोच भाग म्हणावा असं आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मामा म्हणाले, तो एखाद्या पोराला द्या, मला नववा हवा. नवव्या भागात ती ओवी आहे, ज्यात भक्त म्हणतो की मला पीडा झाली ते माझ्या भल्याचंच झालं, त्यातून मी तुझे नियम शिकलो. मामा म्हणाले, “दिव्याचं कोणीही म्हणेल. हे म्हणायला थोडं सोसलेलं असावं लागतं.”

मामांना पाठ होतं. लहानपणी गावच्या मिशन शाळेत पाठांतराला बक्षीस मिळालं होतं, ते अजून घरात आहे. गोधड्यांच्या मधोमध खुर्चीवर ताठ बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्यांनी आठही ओव्या एका दमात म्हटल्या. “पीडा” या शब्दापाशी आवाज थोडा खाली आला, पुढे सावरला. तंत्रज्ञाने पुन्हा एकदा घेऊ म्हटलं, कारण बाहेर दुधाची गाडी गेली होती. मी गाडीसकट ठेवायला सांगितलं.

चौदावा भाग आठवीतल्या मुलीने वाचला. स्वच्छ, न अडखळता.

पाठांतर आता मागे पडलंय. वचन फोनमध्ये आहे, हवं तेव्हा काढू, असं सगळे म्हणतात, आणि शांत दिवसांत ते चालूनही जातं. पण ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या बाईला फोन उघडून स्तोत्र शोधायचं भान नसतं. तिच्या मदतीला येतं ते आधी मुखात बसलेलंच. संडे स्कूलमध्ये पाठांतराचा तास परत सुरू व्हावा, ही माझी मागणी या नोंदीत लिहून ठेवते.

११ मार्च, बुधवार

प्रार्थनासभा: विश्वासाची ढाल. रोमी शिपायाची ढाल म्हणजे गुडघ्यापासून खांद्यापर्यंत येणारी उभी फळी, लाकडाचे थर चिकटवून वर कातडं चढवलेली. रांगेत उभे राहिले की एकाच्या ढालीची कड दुसऱ्याच्या ढालीला भिडायची. पाळक साहेबांनी मुलांना बाकांपुढे रांगेत उभं करून, हातात खाटेच्या फळ्या देऊन दाखवलं. मधला एक बाजूला झाला की दोघं उघडे पडतात, हे लहान पोरांनाही समजलं.

त्यांनी ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातली प्रार्थना वाचली. पेत्र आणि योहान यांना धमकावून सोडलंय. ते आपल्या लोकांकडे येतात, आणि मंडळी एकमुखाने प्रार्थना करते. त्या प्रार्थनेत काय आहे? दुसरं स्तोत्र. राष्ट्रं खवळली, राजे एकत्र झाले, हे त्यांना पाठ होतं, त्यांनी ते आपल्या प्रसंगाला लावलं. आणि मागितलं काय, तर संकट टळू दे असं नाही, धैर्याने बोलता येऊ दे. माझ्या प्रार्थनांत “टळू दे”च जास्त असतं. ते मागणंही चुकीचं नाही, प्रभूनेही गेथशेमानेत प्याला टळावा म्हणून मागितलं. पण त्याची प्रार्थना तिथे संपत नाही.

सभा संपल्यावर एका तरुणीने साक्ष दिली. घरच्यांनी ठरवलेलं स्थळ तिने नाकारलंय, कारण लग्नानंतर देवळात जाणं बंद करावं लागेल असं समोरून सांगण्यात आलं. घरात महिनाभर कोणी धड बोलत नाही. पहाटे मुद्रणाला येते तेवढाच वेळ तिला शांत वाटतं. बायका तिच्याभोवती उभ्या राहिल्या आणि बराच वेळ प्रार्थना केली.

१४ मार्च, शनिवार

अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र. यावर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता.

चिठ्ठी निघाली होती आमच्यातल्या एका नर्सच्या नावाची. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात. तेराव्यात “कोठवर?” असं चारदा विचारून झाल्यावर शेवटी गाणं आहे. अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही. आरोळी मारली, हात पसरले, तुझं मुख का लपवतोस विचारलं, आणि शेवट अंधारात. मंडळीतल्या एका ज्येष्ठांचं म्हणणं पडलं की आजारी माणसाला हे ऐकवून त्याच्या जिवाला घोर लावायचा का? निदान याच्या शेवटी आशेची एक ओवी जोडा, तेविसाव्यातली किंवा एकशेएकविसाव्यातली.

नर्स म्हणाली, “नाइट ड्यूटीला पेशंट असंच बोलतात. पहाटे तीनच्या सुमाराला. देवाने टाकलं म्हणतात, आणि असं बोललो म्हणून पाप लागलं का, असंही विचारतात. त्यांच्या तोंडचे शब्द बायबलातच आहेत, हे त्यांना कोणी सांगत नाही.”

यावर कोणी काही बोललं नाही. मग तेच ज्येष्ठ म्हणाले, जसं आहे तसं घ्या.

मी त्या दिवसापासून हे स्तोत्र पुन्हा पुन्हा वाचतेय. ते ज्याच्याशी भांडतं, त्यालाच पहिल्या ओवीत आपला तारणारा देव म्हणतं. रात्रंदिवस त्याच्यासमोरच रडतं, उठून दुसरीकडे जात नाही. विश्वासात टिकून राहणं याचा अर्थ चेहरा हसरा ठेवणं असा आपण लावून घेतलाय, त्याने कितीतरी लोक घरातल्या घरात खोटं बोलायला शिकलेत. देवापुढे खरं रडणं हीसुद्धा प्रार्थनाच, आणि देवाने ती आपल्या ग्रंथात जपून ठेवली आहे.

मुद्रण एका वेळेत झालं. “आपण प्रार्थना करू या” हे तिने नेहमीपेक्षा सावकाश म्हटलं.

त्याच पहाटे एकशेसदतिसावंही. बाबेलच्या नद्यांकाठचं रडणं सगळ्यांना आवडतं, शेवटची ओवी वाचवत नाही. तीही घेतली. पाळक साहेबांचं मत: सूडाची आग देवापुढे ओतली म्हणजे ती शेजाऱ्याच्या दारी न्यावी लागत नाही. मला पटलं.

१९ मार्च, गुढीपाडवा

सुट्टी, म्हणून सकाळी उशिरापर्यंत काम. शेजारच्या काकूंनी सगळ्यांना पुरेल एवढं श्रीखंड पाठवलं. आरोहणाची पंधरा स्तोत्रं, १२० ते १३४, एका बैठकीत. यात्रेकरू यरुशलेमेला चढताना म्हणायचे ती ही स्तोत्रं. छोटी, चालीवर बसणारी. इथे कृष्णराव सांगळ्यांच्या काळापासून ख्रिस्ती कीर्तन रुजलेलं आहे, त्यामुळे दोघा-तिघांनी ती गाऊन घ्यायचा आग्रह धरला. एकशेतेहतिसावं टाळ-पेटीवर घेतलं. बाकीची वाचून.

प्रकाशकांची अनुमती आली. विक्री करायची नाही, मजकूर बदलायचा नाही, या अटींवर. दोन्ही आपल्याला मान्य.

२१ मार्च, शनिवार

झालेल्या स्तोत्रांची कार्डं तीन घरांत चाचणीला दिली.

पहिलं घर: अर्धांगवायूने वाचा गेलेल्या आत्या. मुलगा सांगतो, आवाज ओळखला की डावा हात उचलतात. मामांच्या आवाजाला उचलला. माझ्या आवाजाला नाही. मुलगा म्हणाला तुमचं वाचन फार घाईचं आहे. माझी चार स्तोत्रं परत घेणार.

दुसरं घर: गावाकडचं ऊसतोडीचं कुटुंब, कारखान्याच्या फडावरून याच आठवड्यात परतलेलं. सहा महिने देऊळ नाही, रविवार नाही. बाई म्हणाली, कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, रोज रात्री एक प्रार्थना चुकवली नाही, पण वचन ऐकायला मिळालं नाही, वाचता येणारं कोणीच नव्हतं. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी मंडळ्या एकोणिसाव्या शतकात गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतूनच उभ्या राहिल्या. ज्यांना शाळेच्या दारात उभं करत नव्हते, त्यांनी ऐकून ऐकून वचन मुखोद्गत केलं आणि पोरांना दिलं. हे कार्ड पुढच्या हंगामात फडावर गेलंच पाहिजे. त्यासाठी सौरऊर्जेवर चार्ज होणारे स्पीकर पाहायचे, कोपीत वीज नसते.

तिसरं घर: स्पीकर नातवाने गाण्यांसाठी पळवला. आजोबांसाठी दुसरा द्यावा लागेल.

२५ मार्च, बुधवार

प्रार्थनासभा: आत्म्याची तलवार, म्हणजे देवाचं वचन, आणि लगेच त्याला लागून सर्व प्रसंगी प्रार्थना. पौलाने हे दोन्ही एका वाक्याच्या ओघात आणलंय. आज बोलायची पाळी माझ्याकडे होती. मी दानीएल घेतला आणि आपल्या मातीतली दोन माणसं.

दानीएलाच्या सहाव्या अध्यायात राजाचा हुकूम निघतो: तीस दिवस राजाखेरीज कोणाकडे मागणं करायचं नाही. दानीएल घरी जातो, यरुशलेमेकडची खिडकी उघडीच असते, आणि तो दिवसातून तीनदा गुडघे टेकतो, पूर्वी करत होता तसंच. या “पूर्वी करत होता तसंच” मध्ये सगळं आहे. सिंहांच्या गुहेतलं धैर्य त्याने हुकूम निघाल्यावर कमावलं नाही. कोणी पाहत नसताना, कसलंही संकट नसताना, वर्षानुवर्षं तीन वेळा गुडघे टेकून ते तयार झालं होतं.

नारायण वामन टिळकांना राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. ते मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांपाशी येऊन थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घर दुरावलं, लक्ष्मीबाईही काही वर्षं वेगळ्या राहिल्या. त्या काळात टिळक वचनाला आणि प्रार्थनेला धरून राहिले, आणि पुढे लक्ष्मीबाई स्वतःच्या मनाने विश्वासात आल्या. ज्या गावात त्यांचा पुढला संसार झाला, त्याच गावात आपण बसलोय.

आणि पंडिता रमाबाई. केडगावच्या, म्हणजे आपल्या नगरजवळच्या नव्हे, दौंड तालुक्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हजारावर स्त्रिया-मुलींचा सांभाळ चालू असताना त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांमधून बायबल मराठीत आणलं. तिथल्याच स्त्रियांनी खिळे जुळवले, तिथल्याच छापखान्यात छपाई झाली. एकुलती मुलगी मनोरमा १९२१ साली गेली. ज्या मनोरमाबाईंनी मुक्तीतल्या अंध स्त्रियांना ब्रेल वाचायला शिकवलं, त्या. आईने काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, छापून पूर्ण झालेलं बायबल १९२४ साली लोकांच्या हाती आलं. त्या दिवसांत बाईंना कोणती वचनं आधाराला आली असतील, याचा विचार करताना माझा कंठ दाटला आणि मी तिथेच थांबले. उरलेला वेळ प्रार्थनेत गेला.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार

एकशेअठरावं स्तोत्र अख्ख्या मंडळीने एकत्र म्हटलं, भक्तीतच मुद्रण केलं. “होसान्ना” या स्तोत्रातूनच आलं. मधे मुलांच्या झावळ्यांची सळसळ आहे. ठेवली.

३ एप्रिल, उत्तम शुक्रवार

बारा ते तीन, क्रुसावरचे सात उद्गार. चौथा: “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” सातवा: आपला आत्मा बापाच्या हाती सोपवणं. चौथा बाविसाव्या स्तोत्रातला, सातवा एकतिसाव्यातला. प्रभूने मरताना स्तोत्रांत प्रार्थना केली. इतक्या पहाटा या पुस्तकाबरोबर काढल्यावर आज ते उद्गार मला पूर्वीपेक्षा जवळून ऐकू आले. एवढ्या वेदनेत स्वतःचे शब्द सुचत नसताना त्याने आईच्या मांडीवर ऐकलेले शब्द उच्चारले असतील.

ही दोन स्तोत्रं मुद्दाम आजवर ठेवली होती. भक्ती संपल्यावर, लोक न बोलता घरी जात असताना पाळक साहेबांनी वेस्ट्रीत वाचली. बाविसावं त्याग केल्याच्या आरोळीने सुरू होतं आणि मंडळीच्या मधोमध स्तुतीवर येऊन पोचतं. साहेब सकाळपासून उभेच होते, आवाज बसलेला. तसाच घेतला.

मुद्रण पूर्ण. तंत्रज्ञ रात्री कार्डं भरतोय.

५ एप्रिल, ईस्टर

पहाटेची भक्ती कबरस्तानात, तिथून परस्पर वाटप. दोघा-दोघांच्या जोड्या. नियम एकच होता: स्पीकर देऊन निघायचं नाही, बसायचं, एक स्तोत्र सोबत ऐकायचं, सुराच्या वेळी त्यांच्याबरोबर प्रार्थना करायची. दर पंधरवड्याला पाळीपाळीने मंडळीतलं एक कुटुंब त्या घरी जाणार, म्हणजे बॅटरी, बिघाड आणि ख्यालीखुशाली तिन्ही कळेल.

आज रमाबाईंचा स्मृतिदिनही. उपासनेत त्यांच्यासाठी आभार मानले.

आत्यांकडे मी गेले. माझी चार स्तोत्रं सावकाश वाचून पुन्हा घेतली होती, त्यांतलं एकशेतिसावं लावलं. हात उचलला नाही. मग मी यंत्र बंद करून तेच स्तोत्र समोर बसून म्हटलं, आणि त्यांच्याकरता प्रार्थना केली. आमेन म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरला, बराच वेळ सोडला नाही.

१२ एप्रिल, रविवार

आलेल्या सूचना: दोन स्पीकरवर फाइल ०७८ मधेच तुटते, कार्ड पुन्हा भरणे. आवाज कमी ऐकू येणाऱ्यांसाठी वेगळा, मोठा स्पीकर पाहणे. राहुरी आणि नेवासा तालुक्यांतल्या दोन मंडळ्यांनी कार्डं मागितली आहेत. त्यांना आपलं कार्ड द्यायचं, पण आपापल्या लोकांच्या आवाजात स्वतःचं करा असा आग्रहही धरायचा. गोधड्या त्यांच्याकडेही आहेत.

ती नर्स वॉर्डमध्ये विचारणाऱ्यांना अठ्ठ्याऐंशीवं ऐकवते. एका पेशंटने ते दोनदा लावायला सांगितलं आणि मग स्वतः प्रार्थना केली, एवढं तिने सांगितलं.

संडे स्कूलमध्ये पाठांतराचा तास सुरू. पहिलं: एकशेएकविसावं, आठ ओव्या, मुदत मेच्या सुट्टीपर्यंत. मोठ्यांसाठीही तेच.

पुढचं काम: योहानकृत शुभवर्तमान, एकवीस अध्याय. वाचकांची बैठक येत्या रविवारी भक्तीनंतर वेस्ट्रीत. ज्या तरुणीने साक्ष दिली होती, तिने पंधरावा अध्याय मागितलाय. दिला.